एक मीटरचा खड्डा आणि अर्धं झालेलं गाव

आजचा भाग इंग्लंडच्या खेड्यांबद्दल आहे. राजे-राण्या, किल्ले, खजिना यातलं आज काहीच नाही. आज आहेत लोकांच्या परसात खणलेले खड्डे, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद. आणि पावणेसातशे वर्षांपूर्वी मेलेल्या, कुठेच नाव नसलेल्या माणसांचा अंदाज या खड्ड्यांतून कसा लागला, त्याची गोष्ट.

आधी अडचण समजून घेऊ. उत्खनन म्हटलं की आपल्याला ओसाड टेकाड आठवतं. इंग्लंडमध्येही अशा जागा खणल्या गेल्या. यॉर्कशायरमधलं वॉरम पर्सी हे उठून गेलेलं गाव. तिथे १९५० पासून १९९० पर्यंत, चाळीस वर्षं, दर उन्हाळ्यात काम चाललं. पण उठलेली गावं म्हणजे अपवाद. बहुतेक गावं आजही नांदती आहेत, आणि जुनं गाव नव्या गावाच्या खालीच आहे. वर घरं, रस्ते, बागा. खणणार कुठे?

कॅरेन्झा लुईस या पुरातत्त्वज्ञ बाईंनी यावर एक साधा उपाय मोठ्या प्रमाणावर वापरला. ‘टाइम टीम’ या टीव्ही कार्यक्रमामुळे त्या तिकडे घराघरात माहीत होत्या. २००५ पासून केंब्रिज विद्यापीठाच्या उपक्रमात त्यांनी शाळेतल्या मुलांना आणि गावकऱ्यांना हाताशी धरलं. अख्खं गाव खणायचं नाही. गावभर विखुरलेले छोटे खड्डे घ्यायचे. कुणाच्या बागेत, कुणाच्या अंगणात, अर्थात घरमालकाला विचारूनच.

पद्धत एकदम शिस्तीची. वरचं गवत अलगद काढून ठेवायचं. मग १० सेंटिमीटरचा एकेक थर खाली जायचं. निघालेली सगळी माती चाळायची. प्रत्येक थरात जे सापडेल ते वेगळ्या पिशवीत. शेवटी खड्डा बुजवून गवत परत जागेवर.

यात सापडतं काय? मुख्यतः खापरं. फुटक्या मडक्यांचे, ताटल्यांचे तुकडे. आमच्या भाषेत सांगायचं तर हा गावाचा लॉग आहे. लिहिलाय कचऱ्यानं, आणि कुणीही डिलीट केलेला नाही. वरच्या थरात व्हिक्टोरियन काळातल्या निळ्या-पांढऱ्या ताटल्या, चिनीमातीसारख्या पांढऱ्या चिलमींच्या नळ्या. खाली मध्ययुगीन हंड्यांचे करडे-तपकिरी तुकडे. आणि नशीब असेल तर आणखी खाली रोमन काळातलं, आजच्या फ्रान्समधून आलेलं चकचकीत लाल खापर.

आता खरी गंमत. एक रोमन तुकडा सापडला म्हणजे तिथे रोमन काळात घर होतं का? नाही! विचार करा, आपल्याकडे उकिरड्यावर काय काय जातं? शेण, राख, फुटकं मडकं. मग ते सगळं खत म्हणून शेतात. तिकडेही तेच. त्यामुळे एखाददुसरा, झिजलेला तुकडा असेल तर ते बहुधा शेत. ढीगभर, मोठे, कडा शाबूत असलेले तुकडे असतील तर घर जवळ होतं.

आणि रिकामा खड्डा? तोही डेटाच आहे. पण जपून वाचायचा. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सत्ता गेली आणि मोठ्या प्रमाणावर मडकी बनवण्याचा धंदाही बसला. त्यानंतरची हातानं घडवलेली, कमी भाजलेली भांडी मातीत विरघळल्यासारखी होतात. म्हणजे खापर नाही याचा अर्थ माणूस नव्हता, असा लगेच काढता येत नाही.

हे लक्षात ठेवा, कारण पुढचा भाग यावरच उभा आहे.

१३४८ साली प्लेगची महासाथ इंग्लंडमध्ये पोचली. पुढच्या वर्षी ती पूर्व भागात पसरली. मेले किती? तेव्हा जनगणना नव्हती. जमीनदारांच्या वह्या आणि पाद्र्यांच्या नेमणुकांच्या नोंदी यांवरून अंदाज बांधले जायचे, आणि त्यावर वाद. शेतमजूर, बायका, मुलं यांची बहुतेक नोंदच नाही.

लुईस यांनी पूर्व इंग्लंडमधल्या ५५ वस्त्यांतले दोन हजारांवर खड्डे एकत्र मांडले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. प्रश्न एकच: साथीच्या आधीच्या शतकांतली वापरातली खापरं किती खड्ड्यांत, आणि नंतरची किती? उत्तर: सुमारे ४५ टक्के घट. नॉरफकमधल्या बिनहॅमसारख्या काही गावांत तर ७० टक्क्यांच्या पुढे. आणि ही घट पुढे दीडदोनशे वर्षं भरून निघाली नाही.

तुम्ही म्हणाल, थांब. खापरं कमी म्हणजे माणसं कमी, हे कशावरून? लोक धातूची भांडी वापरायला लागले असतील. रास्त शंका. शिवाय खापर १३४० चं की १३६० चं हे सांगता येत नाही, आणि १३१५ ते १३१७ चा मोठा दुष्काळही याच शतकातला. म्हणून ४५ टक्के हा मृतांचा आकडा नाही. तो वस्ती किती आकसली याचा अंदाज आहे. पण भांड्यांची फॅशन बदलली असती, तर सगळीकडे साधारण सारखी घट दिसली असती. इथे एक गाव जेमतेम हललंय आणि दुसरं जवळपास रिकामं झालंय. हे फॅशनसारखं दिसत नाही, आपत्तीसारखं दिसतं.

मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं माहितीये? एकट्या खड्ड्याला काही अर्थ नाही. तुमच्या बागेत काहीच सापडलं नाही, तरी तो शून्य नोंदवावाच लागतो. त्या शून्यांनीच सांगितलं की इथली चूल विझली होती.

ऐकता ऐकता कुणाच्या तरी मनात आलंच असेल, की आपल्या गावात पण खणूया! आपल्याकडे वस्तीच्या जमिनीला पांढरी म्हणतातच, आणि तिच्या पोटातही खूप काही आहे. पण प्लीज, फावडं उचलू नका. तिकडे प्रत्येक खड्ड्यामागे तज्ज्ञ होते. आपल्याकडे संरक्षित जागी परवान्याशिवाय खणता येत नाही, आणि जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हा कायदा १८७८ पासून आहे. नांगरताना, पाया खणताना खापरं दिसली तर जागा नीट लिहून ठेवा, फोटो काढा, पुरातत्त्व विभागाला कळवा. खापर उचलून घरी नेलं की तो फक्त एक तुकडा उरतो. कुठे, किती खोल, कशासोबत, ही माहिती गेली की त्याची गोष्टही गेली.

चला, भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!