वादळाला वेसण घालावी काय?



सुतार, लोहार, कुंभार हे गावगाड्याचे घटक सर्वांना ठाऊक आहेत. पण गारपगारी नावाचाही एक इसम जुन्या गावात असे, हे आज थोड्यांनाच आठवत असेल. वऱ्हाड-नागपूरकडे त्याचा विशेष वावर. शेतकऱ्यांनी त्याला सुगीला धान्य द्यावे आणि त्याने गावच्या शिवारात गारा पडू देऊ नयेत, असा सरळ करार. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. आभाळ तांबडेकाळे झाले की हा मारुतीपुढे उभा राहायचा. आधी विनवणी, मग धमकी, आणि देव बधलाच नाही तर स्वतःच्या बोटाचे रक्त काढायचे.

हसू येते खरे. पण त्याच सुमारास, १८९६ साली, युरोपातल्या स्टायरिया प्रांतात आल्बर्ट श्टिगर नावाच्या एका द्राक्षबागाईतदाराने गारांच्या ढगांवर तोफा डागायला प्रारंभ केला. नरसाळ्याच्या आकाराचे उंच तोंड, खाली दारू, आणि नुसता आवाज व धूर. पहिली एकदोन वर्षे गारा कमी पडल्या. तेवढे पुरे झाले. बघता बघता इटलीत हजारो तोफा उभ्या राहिल्या. काही फुटून माणसे दगावली. अखेर सरकारने १९०२ ते १९०४ या काळात रीतसर परीक्षा घेतली, तेव्हा तोफांच्या छायेतल्या बागाही गारांनी झोडपल्याच. म्हणजे गारपगारी आणि तोफखाना यांत फरक काय तो दारूच्या खर्चाचा.

आता आपल्याकडे या. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रावर गारांनी जो कहर केला, किंवा २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात जे घडले, त्यात बागाईतदाराचे वर्ष गेले. पंचनामा झाला तो बागेचा. ज्या मजुराची कामाची मुदतच बुडाली, त्याच्या मजुरीचा पंचनामा कोणी करीत नाही. तेव्हा 'ढग फोडता येतो' असे कोणी म्हटले, तर मालक आणि मजूर दोघेही कान टवकारतील, आणि त्यात त्यांचा काडीमात्र दोष नाही.

मग विज्ञानाला हे साधते काय? १९४६ साली अमेरिकेत शेफर यांनी कोरड्या बर्फाने आणि व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडने अतिथंड ढगात हिमकण तयार होतात हे दाखवले. लगेच पुढल्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९४७ रोजी, समुद्रावरल्या एका चक्रीवादळात विमानातून सुमारे ऐंशी किलो कोरडा बर्फ टाकण्यात आला. वादळ वळले आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर, सव्हाना शहराजवळ आदळले. लोक खवळले. पुढे अभ्यासकांनी दाखवले की, बर्फ पडण्यापूर्वीच ते वळू लागले होते. पण ज्याचे छप्पर उडाले त्याला हे कसे पटवावे? गारपगाऱ्याचीही हीच अडचण असली पाहिजे: आपल्या शिवेवरून गार परतवली, ती शेजारच्या गावात पडली, तर त्या गावाने कोणाचे दार ठोठवावे?

अमेरिकेने तरीही चिकाटी सोडली नाही. १९६२ पासून १९८३ पर्यंत 'स्टॉर्मफ्युरी' नावाचा प्रकल्प चालला. १९६९ साली डेबी या वादळाचा वारा फवारणीनंतर सुमारे तीस टक्क्यांनी उतरला, तेव्हा केवढा आनंद झाला! पुढे कळले की, अशा वादळाच्या डोळ्याभोवतालची ढगांची भिंत आपणहूनच मोडते आणि नवी उभी राहते. वारा आपणहूनच उतरतो आणि चढतो. शिवाय ज्या अतिथंड पाण्यावर सारी भिस्त, ते त्या ढगांत पुरेसे नव्हतेच. एका प्रौढ चक्रीवादळात वाफेचे पाणी होताना जी उष्णता सुटते, ती साऱ्या जगाच्या वीजनिर्मितीच्या शंभराहून अधिक पट भरते. त्यापुढे आपले विमान म्हणजे हत्तीच्या अंगावरची माशी.

समजा, उद्या साधलेच. तरी करावे काय? मला इथे थांबावेसे वाटते. बंगालच्या उपसागरात उठणारे कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकतात, म्हणून देशाच्या मध्यभागी पाऊस पोचतो. वादळ आणि पाऊस ही एकाच घरची भावंडे आहेत. एकाला दाराबाहेर काढून दुसऱ्याला पंगतीला बसवता येत नाही. आणि सत्ता हाती आली की तिचा उपयोग कसा होतो, तेही जगाने पाहिले आहे. १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात शत्रूच्या वाटा चिखलात बुडवण्यासाठी ढगांवर फवारणी केली. म्हणूनच १९७७ साली हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करू नये असा आंतरराष्ट्रीय करार पुढे आला.

याचा अर्थ ढगाला हातच लावू नये असा मी घेत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ साली सोलापूरकडे २७६ ढगांवर प्रयोग केला. कोणत्या ढगावर फवारायचे आणि कोणता तसाच सोडायचा हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले, आणि मगच सुमारे अठरा टक्के अधिक पाऊस पडल्याचे सांगितले. फवारलेल्याशेजारी न फवारलेला ढग ठेवून हिशेब मांडणे, हा प्रामाणिकपणा श्टिगरच्या तोफेत नव्हता. परंतु तिथेही ढग आधी यावा लागतो, आणि हा प्रयोग पाऊस वाढवण्याचा. वादळ आवरण्याचा नव्हे.

वादळाच्या बाबतीत माणसाने मिळवलेला खरा विजय वेगळाच आहे, आणि त्याचा गाजावाजा फार थोडा होतो. १९७७ साली आंध्रच्या किनाऱ्यावर आणि १९९९ साली ओरिसात चक्रीवादळाने सुमारे दहा-दहा हजार माणसे नेली. २०१३ साली फायलिन त्याच ओरिसावर आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले होते. मृतांची संख्या शेकड्यातही गेली नाही. वारा तसूभरही कमी केलेला नव्हता.

पेठ तालुक्यात समुद्र नाही, पण वीज आहे. वळवाच्या दिवसांत नागलीच्या राबाजवळ, गुरांमागे, आंब्याच्या झाडाखाली माणसे असतात तेव्हा ती पडते. पुण्याच्या त्याच संस्थेचे 'दामिनी' नावाचे अ‍ॅप जवळपास वीज पडण्याची शक्यता आधी कळवते. पण डोंगरापलीकडच्या पाड्यात मोबाइलला रेंज नसेल, तर ती सूचना शहरातल्या माणसाच्या खिशातच वाजत राहते. जुन्या गावाने गारपगाऱ्याला धान्य दिले, आणि बदल्यात निदान आभाळाकडे लक्ष ठेवणारा एक माणूस मिळवला. आज ग्रामपंचायतीने पाड्यापाड्याला एक जण नेमावा, त्याला चैत्र ते ज्येष्ठ मानधन द्यावे, हाती भोंगा द्यावा, आणि 'झाडाखालून निघा, घरात या' एवढेच ओरडण्याचे काम सोपवावे. मानधनाचा आकडा काय असावा, हे ग्रामसभेत ठरवता येईल.