पुढारी गेल्यावर मंडळी कशावर उभी राहते?
लूथरन चर्चमधील नेतृत्वाचे वाद आणि आपण



साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावर चर्चच्या कारभाराचा विषय कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो.

पहिलं कारण शेजाराचं. आपल्यातल्या बऱ्याच कुटुंबांचे सोयरेधायरे बैतूल, मुलताई, पांढुर्णा, सौंसर, छिंदवाडा या पट्ट्यात आहेत. त्या बाजूच्या माणसाला बैतूल जिल्ह्यातलं पाढरचं रुग्णालय ठाऊक नाही असं सहसा होत नाही. डॉ. क्लेमेंट मॉस यांनी १९५८ मध्ये सुरू केलेलं हे रुग्णालय मध्य प्रदेशातल्या इव्हँजेलिकल लूथरन चर्चचं आहे. त्या चर्चचं मुख्यालय छिंदवाड्याला. रुग्णालय आपल्या परिचयाचं, पण ते चालवणारी माणसं कोण, त्यांच्यात कशावरून वाद होतात, याची आपण कधी चौकशी केलेली नसते.

दुसरं कारण साहित्याचं. लूथरन पंथाची सारी मदार एका लेखी मजकुरावर आहे. माणसं मजकुराला धरून एकत्र येतात, मजकुराच्या अर्थावरून भांडतात आणि मजकुराच्या आधारे पुढाऱ्याला खालीही उतरवतात. शब्दांत रस असणाऱ्यांना हा विषय परका वाटू नये.

आधी दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. मराठी ख्रिस्ती लोक स्थानिक चर्चच्या सभासदांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. नाटक मंडळी, भजनी मंडळी, तशीच ही मंडळी. तिच्या धर्मगुरूला म्हणतात ‘पाळक’. आणि आपण काय मानतो हे मंडळीनं शब्दांत मांडून सर्वांसमक्ष कबूल करणं, त्याला मी आज ‘लेखी कबुली’ म्हणणार आहे. कबुली म्हटलं की आपल्याला पोलीस ठाणं आठवतं. इथे अर्थ वेगळा आहे. गुन्हा नव्हे, श्रद्धा कबूल करायची.

लूथरन पंथाची मुख्य कबुली २५ जून १५३० रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर वाचली गेली. तिची कलमं २८. गंमत अशी की त्या दिवशी मार्टिन लूथर तिथे नव्हताच. त्याला साम्राज्यात बहिष्कृत ठरवलेलं असल्यामुळे त्याला दूर कोबुर्गच्या किल्ल्यात थांबावं लागलं होतं. मजकूर तयार केला त्याचा सहकारी मेलांक्थन यानं, आणि सह्या केल्या राजेरजवाड्यांनी व नगरांच्या प्रतिनिधींनी. ज्याचं नाव पंथाला लागलं, त्याच्या गैरहजेरीत पंथाची ओळख लिहिली गेली. पुढे बरोबर पन्नास वर्षांनी, १५८० मध्ये, ही कबुली आणि तिच्या जोडीचे इतर लेख यांचा एक ग्रंथ झाला. आजही जे लूथरन या ग्रंथाला शब्दशः बांधलेले आहेत, त्यांना कबुलीनिष्ठ म्हणता येईल.

या कबुलीतली दोन कलमं आपल्या विषयाला लागू आहेत. सातवं कलम सांगतं की चर्चच्या ऐक्याला शुभवर्तमानाची शिकवण आणि संस्कार यांबद्दल एकमत पुरे, माणसांनी घालून दिलेल्या रीती सगळीकडे सारख्या असण्याची गरज नाही. चौदावं सांगतं की रीतसर बोलावणं आल्याखेरीज कोणी सार्वजनिक उपदेश करू नये. हे बोलावणं कोणी द्यायचं? राजानं, बिशपनं की मंडळीनं? त्याबद्दल ते कलम गप्प आहे. पुढची जवळजवळ पाचशे वर्षं वाद पेटत राहिले ते या गप्प राहिलेल्या जागेत.

त्यातला सर्वांत बोलका प्रसंग १८३९ चा. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात मार्टिन स्टेफान नावाचा एक पाळक होता. त्या काळच्या चर्चमध्ये जुनी शिकवण पातळ होत चालली आहे असं मानणारे लोक त्याच्याभोवती गोळा झाले. १८३८ च्या अखेरीस सुमारे सातशे माणसं घरदार विकून पाच जहाजांतून अमेरिकेला निघाली. एक जहाज वाटेतच बुडालं. प्रवासात या लोकांनी स्टेफानला आपला बिशप केलं, सामाईक निधीवरही त्याचाच हात. मिसूरी राज्यात पोचून काही महिने होतात न होतात, तोच त्याच्या स्त्रियांशी असलेल्या वागणुकीबद्दल आणि पैशांच्या व्यवहाराबद्दल गंभीर आरोप पुढे आले. मे १८३९ मध्ये त्याच लोकांनी त्याला पदावरून काढलं, होडीत बसवलं आणि मिसिसिपी नदीच्या पलीकडच्या तीरावर नेऊन सोडलं.

पुढारी गेला, पण गोष्ट तिथे संपली नाही. मागे राहिलेल्यांपुढे त्याहून मोठा प्रश्न उभा राहिला. आपण मायदेशातलं चर्च सोडलं ते या माणसाच्या शब्दावर. आता तोच खोटा ठरला. मग आपण चर्च आहोत की नुसती फसलेल्या माणसांची गर्दी? आपल्या पाळकांना पाळक म्हणायचा अधिकार आहे का? आपण केलेला बाप्तिस्मा खरा का? काही म्हणू लागले, परत जाऊ या. दोन वर्षं ही घालमेल चालली. एप्रिल १८४१ मध्ये आल्टेनबुर्ग नावाच्या त्यांच्या वस्तीत जाहीर वाद झाला. एका बाजूला मार्बाख नावाचे वकील, दुसऱ्या बाजूला सी. एफ. डब्ल्यू. वाल्थर हे तिशीही न गाठलेले पाळक. वाल्थर यांनी जुन्या लेखांच्या आधारे उत्तर दिलं. त्याचा सारांश असा, की चर्च बिशपमुळे चर्च होत नसतं. जिथे वचन आणि संस्कार आहेत तिथे चर्च आहे, मग ती माणसं चुकलेली का असेनात. आणि पाळकाला बोलावण्याचा अधिकार त्या मंडळीचाच.

लोक थांबले. १८४७ मध्ये याच विचारावर मिसूरी सिनड स्थापन झाली आणि वाल्थर तिचे पहिले अध्यक्ष झाले. सिनड म्हणजे अनेक मंडळ्यांचा संघ. या संघाचा ठराव स्थानिक मंडळीला सल्ल्यासारखा, हुकमासारखा नाही, असं त्यांनी ठरवलं. एका बिशपनं पोळलेल्या माणसांनी केलेली ती घटना होती.

या परंपरेची एक शाखा आपल्या देशातही आली. नेटर आणि मोन हे दोन धर्मप्रचारक शास्त्राच्या प्रामाण्याच्या प्रश्नावरून लाइप्झिगच्या मिशनपासून वेगळे झाले आणि १८९५ मध्ये मिसूरी सिनडच्या वतीनं कृष्णगिरीला काम करू लागले. त्यातून पुढे १९५८ मध्ये इंडिया इव्हँजेलिकल लूथरन चर्च स्वतंत्र झालं.

आपल्या प्रांतातल्या लूथरनांचा उगम मात्र निराळा. ते आले स्वीडनहून. तिथे १७२६ च्या कायद्यानं पाळकाशिवाय घराघरांत धार्मिक बैठका घेण्याला बंदी होती. तो कायदा १८५८ मध्ये रद्द झाला. ज्या संस्थेनं मध्य प्रांतात माणसं पाठवली ती त्याच सुमाराची, १८५६ ची. तिचा प्रेरक कार्ल उलोफ रोसेनियस हा दीक्षा न घेतलेला, साधा गृहस्थ उपदेशक. म्हणजे तिथला वाद ‘बिशप कोण’ हा नव्हता, तर ‘पाळक नसलेल्यानं बोलावं का’ हा होता. या संस्थेचे लोक १८७७ मध्ये नरसिंहपूरला आले आणि सागर, छिंदवाडा, बैतूल भागांत पसरले. गोंड लोकांत काम करणं हा त्यांचा हेतू. आज मात्र या चर्चच्या शिरोभागी बिशप आहेत. गृहस्थ उपदेशकांच्या चळवळीतून निघालेलं चर्च बिशपपदापर्यंत येतं, आणि कबुलीनिष्ठ मंडळी बिशपपासून दूर पळते. तरी दोघंही स्वतःला त्याच २८ कलमांचे अनुयायी म्हणवतात. सातवं कलम इथे कामाला येतं. रीती निराळ्या असल्या तरी चालेल.

आता १९१९ या सालाकडे वळतो. या एका वर्षी, दोन महिन्यांच्या अंतरानं, दोन घटना घडल्या. त्या शेजारी ठेवून पाहाव्यात असं मला वाटतं.

पहिली रांचीची. तिथे १८४५ पासून गोस्नर मिशनचे जर्मन लोक काम करत होते. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, सरकारनं त्यांना हलवलं. मुंडा आणि उरांव मंडळ्यांचे पाळक, उपदेशक, शाळा, सारं पोरकं झालं. अँग्लिकन बिशप वेस्टकॉट यांनी मधल्या काळात सांभाळ केला. युद्ध संपल्यावर दुसऱ्या कुणाच्या छत्राखाली जाणं सोपं होतं. पैसा नव्हता, मनुष्यबळ तोकडं होतं. तरीही १० जुलै १९१९ रोजी या लोकांनी आपलं चर्च स्वायत्त असल्याचं जाहीर केलं. ज्यांना जग ‘मागास’ म्हणत होतं, त्यांनी देशाच्या स्वातंत्र्याआधी अठ्ठावीस वर्षं आपला कारभार आपल्या हाती घेतला. पुढारी गेल्यावर त्यांच्यापाशी उरलं होतं ते त्यांच्या तोंडी बसलेलं शिक्षण. लूथरनं १५२९ मध्ये घरातल्या कर्त्यानं मुलांना शिकवावी म्हणून लिहिलेली लहान प्रश्नोत्तरी जिथे पोचली, तिथे कबुली पाळकाच्या कपाटात राहत नाही, ती चुलीपाशी येते.

दुसरी घटना आपल्या अगदी जवळची. ९ मे १९१९ रोजी नारायण वामन टिळक गेले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपण सर्वांनी वाचली आहेत, म्हणून त्यांच्या आयुष्याबद्दल अधिक सांगत नाही. टिळक लूथरन नव्हते, ते अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे. पण नेतृत्वाचा हाच प्रश्न त्यांनाही छळत होता. मंडळी आपली, पैसा परक्यांचा, म्हणून शब्दही परक्यांचा, हे त्यांना सोसवेना. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. कलमं नव्हती, ओढ होती. पण दरबार टिळकांच्या व्यक्तित्वावर उभा होता, आणि त्यांच्या मागे तो संघटना म्हणून फार तग धरू शकला नाही. टिकली ती त्यांची पदं आणि भजनं. आजही मराठी मंडळ्यांत ती टाळमृदुंगाच्या साथीनं गायली जातात.

यावरून ‘कलमं असली की संस्था तरते, प्रतिभा असली की बुडते’ असा झटपट निष्कर्ष कोणी काढू नये. कलमांचाही जाच होतो. ज्या मिसूरी सिनडनं एका हुकूमशहाला नदीपार केलं, त्याच सिनडमध्ये १९७३ च्या अधिवेशनात शास्त्राच्या अर्थाविषयी एक निवेदन बहुमतानं बंधनकारक करण्यात आलं. सेंट लुइसच्या त्यांच्या धर्मविद्यालयाचे प्रमुख जॉन टीटजेन यांना निलंबित केलं गेलं आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये बहुसंख्य प्राध्यापक आणि विद्यार्थी विद्यालय सोडून बाहेर पडले. दोन्ही पक्ष त्याच कबुलीची शपथ घेत होते. एक म्हणत होता, कबुलीचं रक्षण करणं हेच नेत्याचं काम. दुसरा म्हणत होता, कबुलीत नसलेलं कलम तुम्ही बहुमताच्या जोरावर तिच्यात घालता आहात. माझ्या मते दुसऱ्याच्या म्हणण्यात वजन होतं. वाल्थर यांच्या वेळी मजकूर दुबळ्यांचा आधार झाला होता, इथे तो बलवानांच्या हातचं हत्यार झाला. मजकूर कोण वाचतो आणि कुणासमोर वाचतो, यावर सारं अवलंबून असतं.

मराठी वाङ्मयाला ही अवस्था नवी नाही. चक्रधरस्वामी उत्तरापंथे गेले, तेव्हा महानुभावांपुढे हाच प्रश्न होता. नागदेवाचार्यांच्या काळात म्हाइंभटांनी गावोगाव फिरून स्वामींच्या आठवणी गोळा केल्या, केसोबासांनी सूत्रं रचून लावली. मराठी गद्याचा पहिला थोर ग्रंथ, लीळाचरित्र, पुढारी निघून गेल्यानंतर मंडळीनं काय धरून राहायचं या गरजेतून जन्मला. पुढे पंथाचे तेरा आम्नाय झाले. मजकुरानं तोड सांधली, आणि मजकुराच्या अर्थावरून पुन्हा तोड पडली.

आता आपल्या गावाकडे येतो. माळव्यात, म्हणजे इंदूर, महू, रतलाम, उज्जैन इथे, काम होतं कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं. त्यांच्याकडे कारभार निवडलेल्या वडीलजनांचा, बिशप नाही. तरीही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चांचं मिळून उत्तर भारताचं चर्च झालं, तेव्हा हे लोक बिशपपद मान्य करून त्यात सामील झाले. बैतूल-छिंदवाड्याचे लूथरन बाहेर राहिले. त्यांच्या परंपरेचा आग्रह असा, की आधी शिकवणीचं एकमत, मग संघटनेचं. लांबून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटतो, आणि कधी कधी तो हट्ट असतोही. पण निव्वळ सोयीसाठी एक झालेली माणसं सोय संपली की वेगळी होतात, हा अनुभवही आपल्याला आहे.

दोन-तीनशे वर्षांपूर्वी शिंद्यांबरोबर आपण या मुलखात आलो. राजधानी इथून ग्वाल्हेरला गेली, पुढे राज्यही गेलं, आपण राहिलो. आपली गणेश मंडळं, समाजाच्या वास्तू, वाचनालयं, ही साहित्यसंस्था, यांतली कितीतरी एका कर्त्या माणसाच्या बळावर चालत आली. तो माणूस थकला की आपण दुसरा कर्ता शोधू लागतो. सापडला नाही तर कुलूप. संस्थेची घटना आपल्याकडेही असते, पण ती धर्मादाय नोंदणीच्या फायलीत असते. ती बाहेर निघते निवडणुकीच्या भांडणात, दुसऱ्याला अपात्र ठरवण्यासाठी.

लूथरनांचे वाद पाहिल्यावर मला वाटतं ते इतकंच. आपण इथे मराठी म्हणून कशासाठी जमतो, याचं उत्तर आपण एकदा चारचौघांत बसून, साध्या शब्दांत लिहायला हवं. ते दहा ओळींचं असलं तरी चालेल, पण घरातल्या नातवंडांना वाचून समजेल असं हवं. ज्यांची मुलं घरी हिंदी बोलतात त्यांनाही त्या ओळी लिहिताना सोबत बसवायला हवं, नाहीतर तो मजकूरही काहींना बाहेर ठेवण्याच्या कामी येईल. आणि मजकुराच्या जोडीला गाणं हवं, टिळकांच्या भजनांसारखं, जे कुठल्याही अध्यक्षाच्या सहीवाचून चालत राहतं.

हे काम अध्यक्षांवर सोडू नये. आउग्सबुर्गला लूथर नव्हता, रांचीला जर्मन नव्हते. जे हजर होते त्यांनी ते केलं.