भिंतीतून येणारी उष्णता

मे महिन्यात नागपुरात दिवस मावळल्यावर घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून पाहा. ती तापलेलीच असते. नऊ इंची विटांची भिंत ओलांडायला दुपारच्या उन्हाला कित्येक तास लागतात, म्हणून रात्रीही खोली धगधगते.

ही उष्णता मोजता येते. अशा भिंतीच्या आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असला, की दर चौरस मीटरमधून साधारण २ वॉट उष्णता वाहते. भिंत १० चौरस मीटरची, बाहेर ४५ अंश, आत ३० अंश. म्हणजे झाले ३०० वॉट! तेवढ्याच भिंतीला आठ इंची हलके एएसी, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक वापरले, तर हा आकडा निम्म्याहून खाली येतो.

पण ऊन, वारा आणि तापमान तासातासाला बदलतं. तो हिशेब हाताने होत नाही. त्यासाठी अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं ‘एनर्जीप्लस’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. भिंतीचे थर, त्यांची जाडी, घनता, उष्णता वाहून नेण्याची क्षमता आणि गावाचं हवामान त्यात भरायचं. मग वर्षाच्या ८,७६० तासांचा हिशेब समोर येतो. त्यामागचा उष्णतावहनाचा मूळ नियम फ्रेंच गणितज्ञ फूरिए यांनी १८२२ मध्ये ग्रंथात मांडला होता.

भरलेली माहिती चुकली, तर उत्तरही चुकणार. म्हणून साहित्याचे आकडे नीट तपासून घ्या. घर बांधण्याआधी वास्तुविशारदाला हा हिशेब जरूर विचारा. भिंत एकदाच उभी राहते, उन्हाळा मात्र दरवर्षी येतो.