पावती नसलेली बंदूक

मंडळी, समजा बाजाराचा दिवस आहे. तालुक्याच्या गावी जुन्यापान्या वस्तूंचे एक दुकान. दिवेलागणीला एक अनोळखी गृहस्थ येतो आणि गोणपाटातली दुनळी बंदूक पुढे ठेवतो. दस्त्याला चांदीची नक्षी, नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारख्या रेघा. म्हणतो, "संस्थानी वाड्यातली आहे. द्याल ते द्या, पण पावती मागू नका."

दुकानदाराचा जीव खालीवर होतो. वर्षाची कमाई एका सौद्यात! वस्तू अस्सल दिसते. पण नंबराच्या जागी कानस फिरलेली आहे.

वस्तू अस्सल म्हणून मालकी अस्सल, असे नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बाळगायला परवाना लागतो. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुनाट हत्याराला सूट आहे. पण ते दुकानदाराने नजरेने ठरवायचे नसते. ओळखखूण नसलेली बंदूक विकायला तर मनाईच आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कलावस्तूंचा व्यापार करायचा, तर १९७२ च्या कायद्यान्वये निराळा परवाना हवा.

शिवाय, त्या लाटांच्या नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजचे काडतूस घातले, तर नळी हातातच फुटायची.

तेव्हा दुकानदाराने हात आवरावा आणि पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी. गुरुजींनी मुलांनाही हे समजावून सांगावे. अहो, बाजारात बैल घेतला तरी आपण पावती मागतो. मग बंदुकीलाच ती नको कशी?