‘डॉग डे आफ्टरनून’ आणि तीन ओळींचा केसपेपर



यंदा आवडत्या चित्रपटावर बोला, असे मंडळाने कळवले आणि मी विषय सांगितला, तेव्हा घरात हसाहशी झाली. जैन माणूस, त्यात साबुदाण्याच्या गोळ्या देणारा डॉक्टर, आणि बोलणार बँकेवरच्या दरोड्यावर! ‘संत तुकाराम’ घ्या की, असे सौभाग्यवतींनी सुचवले. पण तुम्हा मंडळींशी मला या दरोड्याबद्दलच बोलायचे आहे. त्याचे कारण शेवटी कळेल.

22 ऑगस्ट 1972. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली चेस मॅनहॅटन बँकेची एक शाखा. बंद व्हायच्या वेळेला तिघे आत शिरले. त्यांतला एक लगेच घाबरून पळाला. उरले दोघे : व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला, पूर्वी बँकेतच नोकरी केलेला सत्तावीस वर्षांचा जॉन वोयटोविच आणि अठरा वर्षांचा साल. काही मिनिटांत उरकायचे काम पोलिसांनी वेढा घातल्यामुळे मध्यरात्रीपलीकडे लांबले. ‘लाइफ’ साप्ताहिकात यावर लेख आला आणि 1975 साली सिडनी ल्युमेट यांनी त्यावरून ‘डॉग डे आफ्टरनून’ काढला. व्याध तारा सूर्याबरोबर उगवतो त्या उकाड्याच्या दिवसांना तिकडे ‘डॉग डेज’ म्हणतात, त्यावरून हे नाव.

चित्रपटातला सॉनी म्हणजे अल पचिनो. भेटवस्तूच्या लांबट खोक्यातून तो बंदूक काढायला जातो आणि ती अडकते. तिजोरीत पाहतो तर अकराशे डॉलर. बाकीची रोकड आधीच गेलेली. इथपर्यंत तुम्ही हसता. मग समोरच्या दुकानातून पोलीस अधिकाऱ्याचा फोन येतो आणि हसू हळूहळू कमी होते. सुरुवातीचे एक गाणे सोडले तर चित्रपटभर पार्श्वसंगीत नाही. पंखे, फोन, गर्दीचा गलका, एवढेच. आपल्याकडे अशा प्रसंगी व्हायोलिनचा ताफा आला असता.

माझा डोळा डॉक्टरचा, त्यामुळे मला भलत्याच गोष्टी दिसतात. पहाऱ्यावरच्या वयस्कर माणसाला दमा आहे, म्हणून सॉनी त्याला पहिल्यांदा सोडतो. मॅनेजरला मधुमेह. त्याची तब्येत बिघडते तेव्हा डॉक्टरला आत येऊ देतात. सॉनी त्याला जा म्हणतो, पण आपली माणसे सोडून तो जात नाही. साल सिगारेट ओढत नाही, कारण त्याला कर्करोगाची भीती! हातात बंदूक, बाहेर शेकडो पोलीस, आणि भीती कर्करोगाची. भीती अशीच असते, हे दवाखान्यात बसणाऱ्या कोणालाही पटेल. सालचे काम जॉन कझाल यांनी केले. वय चाळिशीला टेकलेले, पण त्यांच्या डोळ्यांत ते पोर दिसते.

चित्रपट निम्मा झाला तरी ‘तुला काय हवे’ असेच सगळे विचारत राहतात. बस, विमान, पिझ्झा, मागण्यांची यादी वाढत जाते. टीव्हीवाला फोनवरून विचारतो, चोरी कशाला, नोकरी का नाही? सॉनी उलट विचारतो, बँकेतल्या कारकुनाला आठवड्याला काय मिळते ठाऊक आहे? खरे कारण नंतर उलगडते. सॉनीचा जोडीदार लिऑन याला लिंगबदल शस्त्रक्रिया हवी आहे, त्यासाठी पैसे. आपल्या घरांत या विषयावर कुणी उघड बोलत नव्हते. 1975 च्या चित्रपटात या दोघांचे फोनवरचे बोलणे कुठलीही टिंगल न करता दाखवले आहे. दोन थकलेली माणसे बोलतात, इतकेच.

या दरोड्यानंतर दोनच आठवड्यांनी म्युनिकला ऑलिंपिकमध्ये ओलीस मारले गेले. त्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांनी बोलणी करणारे वेगळे पथक उभारले. त्यात हार्वी श्लॉसबर्ग हा मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेला पोलीस पुढे होता. घाई करू नका, बोलू द्या, असे त्यांचे शास्त्र. मला गंमत वाटली. हानेमान यांनी ‘ऑर्गेनॉन’च्या 84व्या परिच्छेदात वैद्याला हेच सांगितले आहे : गप्प राहा, रुग्णाला मध्ये तोडू नका. आम्हाला ते परीक्षेत होते. मला मार्कही चांगले पडले होते.

आणि आता ते कारण.

उद्यमबागेत माझा दवाखाना होता तेव्हा एक पोरगा येत असे. निपाणीकडच्या खेड्यातला, फाउंड्रीत मोल्डर. “डॉक्टर, झोप येईना झालीय,” एवढेच म्हणायचा आणि बसून राहायचा. शिफ्ट सुटायची वेळ, बाकावर दहा-बारा जण. मी पुड्या बांधून दिल्या. असे तीनदा झाले. पुढच्या शनिवारी पगाराच्या पाकिटांची पिशवी घेऊन तो पळाला. संकेश्वरच्या स्टँडवर, निपाणीच्या गाडीत सापडला. पिशवी मांडीवर. फक्त तिकिटापुरते पैसे काढले होते.

त्याची आई माझ्याकडे आली. “तुमच्याकडं येत होता न्हवं? काय म्हणत होता वो?” मी केसपेपर काढला. तीन तारखा, प्रत्येकीपुढे एकच शब्द : निद्रानाश. वडिलांच्या ऑपरेशनला पैसे हवे होते, हे मला तिच्याकडून कळले. ऑपरेशन झाले नाही. वडील त्याच पावसाळ्यात गेले.

वोयटोविचची गोष्ट इथे वेगळी होते. सालला विमानतळावर एफबीआयने गोळी घातली. वोयटोविचला वीस वर्षांची शिक्षा झाली, त्यातली पाचेक भोगली. चित्रपटात जेमतेम तीस टक्के खरे आहे, असे त्याने तुरुंगातून लिहिले. मात्र चित्रपटासाठी त्याला जे पैसे मिळाले, त्यातून जोडीदाराची शस्त्रक्रिया झाली. दरोड्याने जे साधले नाही ते दरोड्याच्या चित्रपटाने साधले. आमच्या पोरावर कोण चित्रपट काढणार?

सुटल्यावर तो कोल्हापूरकडे कामाला लागला. मध्यंतरी दिवाळीत फराळाला आला होता. केस पिकलेत. बोलता बोलता मी त्याला ही सगळी गोष्ट सांगितली, अडकलेल्या बंदुकीपासून विमानतळापर्यंत. तो ऐकत राहिला. चहा गार झाला. मग म्हणाला, “डॉक्टर, बँकेतल्या बायकांना काय झालं न्हाई न्हवं?”

नाही, मी म्हटले. त्या सगळ्या घरी गेल्या.