गोली एकटाच असतो : फातोर्डा, 2015 आणि 2022

नाशकात सध्या सकाळी छान गारवा पडतोय. आत्ता हेडफोन लावून गोदाकाठी किंवा गोल्फ क्लब मैदानावर चकरा मारत असाल तर तब्येतीत ऐका. आणि जे ऐकण्याऐवजी वाचताय, त्यांच्यासाठी हा आजचा अख्खा भाग, थोडासा आवरून-सावरून.

आजचा विषय मला माझ्या भाच्यानं दिला. तेरा वर्षांचा आहे, देवळालीला राहतो. आता आपल्या नाशकात पोरगं चालायला लागलं की हातात बॅट येते, हे काय वेगळं सांगायला नको. पण कॅम्पाच्या बाजूला फुटबॉल खेळणारी पोरं अजून आहेत, हा त्यातलाच. उंच आहे, म्हणून टीमनं त्याला गोलपोस्टमध्ये उभं केलं. गेल्या महिन्यात मॅच होती. शेवटची दोन मिनिटं राहिलेली, साधा सरपटी बॉल आला आणि याच्या दोन पायांच्या मधून आत गेला. मॅच गेली. घरी आला, ग्लोव्हज कपाटावर फेकले आणि मला म्हणाला, "मामा, मी परत गोली होणार नाही."

मी त्याला काहीच बोललो नाही. का, ते शेवटी सांगतो. त्याऐवजी मी त्याला एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला.

लक्ष्मीकांत कट्टीमणी. गोव्याचा गोलकीपर. आयएसएल बघत असाल तर नाव ऐकलं असेल.

20 डिसेंबर 2015. मडगावचं फातोर्डा स्टेडियम. आयएसएलची फायनल, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. गोव्याचा कोच कोण? तर झिको, ब्राझीलचा झिको! घरचं मैदान, घरची माणसं, आणि गोलमध्ये घरचाच पोरगा. 87व्या मिनिटाला गोव्यानं गोल मारला, 2-1. आता विचार करा, तीन मिनिटं आणि वरचा इंज्युरी टाइम. एवढं काढलं की कप गोव्याचा.

90व्या मिनिटाला गोलसमोर झटापट झाली आणि बॉल जाळ्यात गेला. बोर्डावर नाव आलं : कट्टीमणी, ओन गोल. 2-2. लोकांना काय झालं ते कळायच्या आत, दोन मिनिटांत चेन्नईच्या मेंडोझानं तिसरा घातला. संपलं. 3-2. स्टेडियम गप्प.

आता इथं जरा थांबू. स्ट्रायकरनं पाच चान्स घालवले आणि सहावा मारला, तर पेपरात फोटो त्याचा. गोलीनं पाच अडवले आणि सहावा सुटला, तरी फोटो त्याचाच, पण जमिनीवर पडलेला. हे काम असंच आहे. अकरा जणांत एकालाच हातानं खेळायची परवानगी, आणि चूक झाली तर झाकायला त्याच्यामागं कुणी नाही, फक्त जाळी.

ब्राझीलचा बार्बोसा माहितीये? 1950चा वर्ल्डकप, माराकाना, शेवटची मॅच. उरुग्वेचा दुसरा गोल त्याच्या जवळच्या पोस्टमधून गेला आणि ब्राझील हरलं. तो माणूस 2000 साली वारला. पन्नास वर्षं लोक त्याला त्या एकाच गोलवरून ओळखत राहिले. पन्नास वर्षं, राव!

करिअर म्हणूनही हे अवघड आहे. टीममध्ये तीन गोली असतात, खेळतो एक. बाकीचे दोघं रोज तितकाच घाम गाळतात आणि अख्खा सीझन बेंचवर बसू शकतात. विंगरला शेवटची वीस मिनिटं तरी मिळतात, गोली सहसा बदलतच नाहीत. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे : वय. इटलीचा डिनो झोफ 1982ला कॅप्टन म्हणून वर्ल्डकप जिंकला तेव्हा चाळीस वर्षांचा होता. बुफॉन 45व्या वर्षापर्यंत खेळला. गोलीला पाय कमी आणि नजर जास्त लागते, आणि नजर तयार व्हायला वेळ लागतो. म्हणजे जो टिकतो त्याला वेळ मिळतो.

गोव्याला तर गोलींची परंपराच आहे. ब्रह्मानंद शंखवाळकर, ताळगावचे. साळगावकर क्लबकडून वर्षानुवर्षं खेळले, भारताचे कॅप्टन झाले. 1984ला गोव्यानं संतोष ट्रॉफी जिंकली ती स्पर्धेत एकही गोल न खाता! त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला 1997ला आणि पद्मश्री 2022ला. 2022 हे साल लक्षात ठेवा.

तर कट्टीमणी. त्या फायनलनंतर तो खेळत राहिला. 2019ला हैदराबाद एफसीमध्ये गेला. आपली एफसी पुणे सिटी बंद पडली, तिच्या जागी आलेली ही टीम. पहिल्याच सीझनला टेबलात सगळ्यात खाली, दहावा नंबर. पण मनोलो मार्केझ कोच म्हणून आला आणि दोन वर्षांत टीम फायनलला पोचली.

20 मार्च 2022. फायनल कुठे? फातोर्डा! तेच मैदान. कोविडमुळे दोन सीझन रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळवले होते, या फायनलला प्रेक्षक आले. आणि आले ते कोण, तर केरळ ब्लास्टर्सचे. सगळं स्टेडियम पिवळं. केरळनं 68व्या मिनिटाला गोल मारला. 88व्या मिनिटाला हैदराबादच्या साहिल ताव्होरानं, तोही गोव्याचाच, लांबून असा काही व्हॉली मारला की बरोबरी. एक्स्ट्रा टाइममध्ये काही नाही. मग पेनल्टी.

पेनल्टी म्हणजे काय, आकड्यात बघा. गोल 7.32 मीटर रुंद, 2.44 मीटर उंच. बॉल 11 मीटरवर. बॉल पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही. आणि किक बसेपर्यंत गोलीचा निदान एक पाय तरी रेषेवर पाहिजे.

केरळची पहिली किक, लेस्कोविच. कट्टीमणीनं अडवली. दुसरी, निशू कुमार. अडवली! पण पंच म्हणाले, पाय रेषेच्या पुढं आला, परत मारा. आता सांगा, तुमचं काय झालं असतं? एवढ्या गर्दीत, याच मैदानावर, हातातलं काढून घेतलं. निशूनं परत मारली. यानं परत अडवली. मग जीक्सन सिंगचीही अडवली. हैदराबाद 3-1नं चॅम्पियन. 32 वर्षांचा कट्टीमणी मॅचचा हीरो. सहा वर्षं, तीन महिने, आणि तोच गवताचा तुकडा.

एक मजेशीर अभ्यास आहे. 2007ला इस्रायलच्या संशोधकांनी 286 पेनल्टी तपासल्या. जवळजवळ 29 टक्के बॉल मधोमध आले होते. पण गोली मधे उभे राहिले किती वेळा? 6.3 टक्के. बाकी सगळे डावीकडं नाहीतर उजवीकडं उडी मारतात. कारण उडी मारून गोल खाल्ला तर लोक म्हणतात, बिचाऱ्यानं प्रयत्न केला. नुसता उभा राहून खाल्ला तर म्हणतात, काय झोपला होता का?

आता माझं. मी कॉलेजला गोली होतो. एका मॅचमध्ये हातातला बॉल सुटला, आम्ही हरलो. बसमध्ये कुणी माझ्याशी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी ग्लोव्हज एका ज्युनिअरला देऊन टाकले. सगळ्यांना सांगितलं, गुडघा दुखतोय. गुडघा ठणठणीत होता. आज वाटतं, मीही उडीच मारली. काहीतरी केल्यासारखं दिसलं, म्हणून सुटलो. तिथंच उभं राहायचं धाडस नव्हतं. भाच्याला बोललो नाही ते यासाठी. कुठल्या तोंडानं बोलणार?

त्याला गोष्ट सांगून झाली. त्यानं मोबाईलवर दोन्ही मॅचचे हायलाइट्स बघितले. 2015चे तीनदा, 2022चे एकदा. मला वाटलं उलटं होईल. मग म्हणाला, "मामा, हा 2015च्या नंतर लगेच प्रॅक्टिसला गेला असेल ना?" मी म्हटलं, "गेल्याशिवाय का 2022 आलं?"

रविवारी सकाळी त्याचा फोन. "मामा, येतोस का? किक मारायला कुणी नाहीये." ग्लोव्हज कपाटावरून उतरले होते. मी गेलो. वीस किक मारल्या. सोळा आत गेल्या, माझी कंबर धरली. सतरावी मधोमध मारली. पठ्ठ्या हललाच नाही. बॉल छातीवर धरला आणि हसला.

तुमच्या टीममध्ये, गल्लीत, वर्गात कुणी गोली असेल, तर हा भाग त्याला पाठवा. आणि पुढची मॅच हरलात तर बसमध्ये त्याच्या शेजारी जाऊन बसा. काही बोलू नका, नुसतं बसा. तेवढं पुरतं.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!