जहाज आले नाही, त्या वर्षी



 

शिक्षकाच्या पेशात मला ज्याचा आधार वाटत आला, तो मुळात शिपाईगडी होता. १५२१ साली पांप्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पाय मोडून घरी पडलेल्या लोयोलाच्या इग्नेशियसने वाचायला वीरकथा मागितल्या, तर घरात निघाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. पुढे यरुशलेमेतच आयुष्य वेचण्याच्या निश्चयाने १५२३ मध्ये तो तेथे पोहोचला, तर तेथील फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी त्याला परत फिरण्याचा हुकूम केला. तेव्हा तिशी ओलांडलेला हा सरदारपुत्र बार्सिलोनात पोरांच्या पंगतीला बसून लॅटिनची रूपे घोकू लागला. पॅरिसच्या विद्यापीठात जोडलेले सोबती घेऊन तो पुन्हा यरुशलेमेला निघाला. परंतु तुर्कांशी युद्ध जुंपल्यामुळे व्हेनिसहून त्या वर्षी यात्रेचे जहाजच सुटले नाही, आणि ही मंडळी रोमला पोपमहोदयांच्या सेवेत रुजू झाली. त्यांच्यापैकी हिंदुस्थानासाठी नेमलेला बोबादिया ऐन वेळी आजारी पडला, त्याच्या जागी दुसरा सोबती झेवियर निघाला, आणि १५४२ मध्ये गोव्याच्या रस्त्यांतून घंटा वाजवीत मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करू लागला. यांतले काय कोणी योजले होते?

मलाही वसईतच राहून इतिहास शिकवायचा होता. बदलीच्या हुकमाने जव्हारच्या डोंगरात नेले, आणि इतिहास दूर राहून खानेसुमारी, मतदारयाद्या व हजेरीपत्रके यांतच वर्षातले किती दिवस खर्ची पडत!  पुस्तकातली मराठी तेथल्या मुलांना परकी, त्यांची वारली बोली मला परकी. म्हणून आधी मलाच विद्यार्थी व्हावे लागले. मी मागितलेल्या जागेपेक्षा ही जागा मोठी होती, असे मी श्रद्धेने म्हणतो.

पण हे मी माझ्यापुरते म्हणतो, आणि माझी एकच कळकळीची विनंती आहे: तुम्हीही असे फक्त स्वतःपुरतेच म्हणा. माझे एक सहकारी सेवेत असतानाच वारले. सेवापुस्तकाच्या एका पानावर शिक्का पुसट उमटला, एवढ्या कारणावरून त्यांच्या पत्नीचा निवृत्तिवेतनाचा अर्ज वारंवार परत येई. एकदा मी त्यांच्यासोबत कचेरीत गेलो, तेव्हा मेजापलीकडील गृहस्थांनी फाईल बाजूला सारीत सांगितले, “बाई, देवाच्या योजनेपुढे कोणाचे काय चालते?” रोज पहाटेच्या मिस्सेला जाणारी ती बाई खाली मान घालून उभी राहिली.

शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या स्नातकहो, हे वाक्य दुसऱ्याच्या दुःखावर कधीही ठेवू नका. नापास झालेल्या मुलाला, फी थकलेल्या बापाला, कोणालाही हे ऐकवू नका. ईश्वर वाइटातूनही भले घडवतो, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ते वाईट त्यानेच घडवले, असे ती म्हणत नाही. पुसट शिक्का माणसाने मारला होता, तो माणसानेच नीट मारायचा होता. आम्ही मुख्याध्यापकांकडून त्या पानावर नवा शिक्का घेतला आणि बाईंच्या हाती पैसे पडेपर्यंत त्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या.